पांचव्या मोबाईलचें काय करावें?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली, त्या आठवड्यांतील गोष्ट आहे. दहाव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत वही घेऊन माझ्याकडे आला. वहींत हिशेब मांडलेला होता, पण तो गणिताच्या पुस्तकांतला नव्हता. त्याच्या थोरल्या भावानें मुंबईहून जुने मोबाईल आणून, त्यांच्या जाहिराती इंटरनेटवर देऊन, ते अलिबाग-रेवदंड्याकडे विकण्याचा उद्योग आरंभिला होता, आणि जमाखर्च ठेवण्याचें काम या धाकट्याकडे होतें. "सर," तो म्हणाला, "तीन हजारांस घेतलेला फोन पांच हजारांस जातो. एकामागें दोन हजार सुटतात. दादानें पांच फोन आणले, त्यांतले चार विकले. मग हातांत कांहींच कां उरलें नाहीं?"

"आणि पांचवा?" मीं विचारलें.

तो थोडा घुटमळला. पांचवा फोन मधूनच चालू होई व मधूनच बंद पडे. "दादा म्हणतो, चालू असेल त्या वेळीं गिऱ्हाइकास दाखवून विकून टाकूं. सर, तसें करावें काय?"

पहिला प्रश्न गणिताचा होता, दुसरा गणिताचा नव्हता. परंतु दोन्ही प्रश्न एकमेकांस कसे जोडलेले आहेत, हें समजून घेतल्याखेरीज एकाचेंही उत्तर नीट देतां येत नाहीं. आज आपल्या किनाऱ्यावर असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांत एखादा जुना मोबाईल कपाटांत पडून नाहीं, किंवा जुना विकत घेण्याचा विचार चाललेला नाहीं. म्हणून त्या मुलास जें सांगितलें, तेंच थोडें विस्तारानें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें सांगत आहें.

जुनी वस्तु घेऊन पुन्हा विकणें हा धंदा नवा नाहीं आणि हलकाही नाहीं. जुनीं लुगडीं घेऊन त्यांच्या बदल्यांत भांडीं देणारी बोहारीण आपल्या आज्यांच्या चांगली ओळखीची होती. रद्दीवाला व भंगारवाला तर आजही दारावर येतात. मुंबईंत मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार जुन्या वस्तूंसाठीं, आणि ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड विजेच्या व कॉम्प्युटरच्या सामानासाठीं प्रसिद्ध आहे. इंटरनेटनें या धंद्यांत मुख्यतः एकच नवी गोष्ट आणली. विकणारा आणि घेणारा यांनीं एका बाजारांत समोरासमोर उभें राहण्याची गरज उरली नाहीं.

या नव्या बाजाराचा आरंभ कसा झाला, तें ऐकण्यासारखें आहे. सप्टेंबर १९९५ मध्यें पिअर ऑमिड्यार नांवाच्या गृहस्थानें अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं लिलावाचें एक संकेतस्थळ उघडलें. तेंच पुढें 'ईबे' या नांवानें जगभर गाजलें. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे त्याचाच एक मोडका लेझर पॉइंटर, म्हणजे भिंतीवर लाल ठिपका पाडणारी लहानशी विजेरी. तिला १४.८३ डॉलर आले. मोडक्या वस्तूस एवढे पैसे कोण देतो, याचें आश्चर्य वाटून त्यानें गिऱ्हाइकास मुद्दाम पत्र लिहून विचारलें, कीं वस्तु मोडकी आहे हें आपल्या ध्यानांत आलें आहे ना? उत्तर आलें, कीं आपणांस मोडके लेझर पॉइंटर जमविण्याचाच छंद आहे. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे परत यावयाचें आहे. आपल्या देशांत २००० सालीं मुंबईंत 'बाझी' हें तशाच प्रकारचें संकेतस्थळ निघालें, व २००४ सालीं तें ईबेनें विकत घेतलें. पुढें २००६ सालीं परदेशांत निघालेलें ओएलएक्स व २००८ सालचें क्विकर यांमुळें घरबसल्या जुनी वस्तु विकण्याची चाल गांवोगांवीं पसरली.

आतां नफ्याकडे वळूं. तीन हजारांची वस्तु पांच हजारांची कां होते? थळ किंवा आक्षी येथील मनुष्यास जुना फोन हवा असेल, तर त्यानें रेवसची लाँच गांठून भाऊच्या धक्क्यास उतरावें, बाजार पालथा घालावा, दहा फोन पाहावे, भाव करावा, आणि फसलों तर नाहींना या काळजींत परत यावें. यांत त्याचा एक दिवस व त्या दिवसाची मजुरी जाते. हें सर्व काम दुसरा कोणी त्याच्यासाठीं करील, शिवाय फोन तपासून, बॅटरी बदलून, साफ करून हातांत देईल, तर त्या श्रमांचा मोबदला घेण्यांत गैर कांहींच नाहीं. शोध, वाहतूक, दुरुस्ती व परीक्षा हे या नफ्याचे चार खरे उगम होत. पांचवा उगम म्हणजे धोका. वस्तु वाईट निघाली तर तोटा विकणारा आपल्या अंगावर घेतो, म्हणूनच चांगल्या वस्तूवर त्यास चार पैसे अधिक मिळावे हें न्याय्य ठरतें.

त्या मुलाच्या वहींत खरेदी तीन हजार व विक्री पांच हजार एवढेच आंकडे होते. मीं त्यास बाकीचे आंकडे विचारून लिहावयास लावले. नवी बॅटरी व दुरुस्तीची मजुरी मिळून प्रत्येक फोनामागें ९०० रुपये गेले होते. जाण्यायेण्याचा, हमालीचा व इतर खर्च फोनामागें ४०० रुपये पडला होता. म्हणजे एक फोन ४,३०० रुपयांस पडला. तो पांच हजारांस विकल्यावर उरले दोन हजार नव्हेत, तर सातशें. आतां पांचही फोनांचा हिशेब पाहा. एकूण खर्च २१,५०० रुपये. चार फोनांचे आले २०,०००. म्हणजे नफा तर नाहींच, उलट १,५०० रुपये तोटा! चार चांगल्या फोनांनीं मिळविलेले २,८०० रुपये एका वाईट फोनानें गिळले, आणि शिवाय दीड हजार मुद्दलांतून नेले.

येथें मुलाच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें, आणि दुसरा प्रश्न कोठून निघाला तेंही दिसलें. पांचवा फोन दोष लपवून विकला, तर तोट्याच्या ठिकाणीं साडेतीन हजारांचा नफा दिसूं लागतो. अशा वेळीं मोह पडतो तो कांहीं वाईट मनुष्यासच पडतो असें नाहीं. महिनाभर राबून हात रिकामे राहिलेल्या कष्टाळू तरुणासही पडतो. म्हणून या धंद्याची खरी परीक्षा चार चांगल्या फोनांत होत नाहीं, ती पांचव्यांत होते.

पांचवा फोन दुसऱ्याच्या घरीं गेल्यावर काय होतें, हें मीं जवळून पाहिलें आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या. त्याच वर्षीं ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब पडले, आणि कित्येक गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. त्यानंतर अभ्यास मोबाईलवर सुरू झाला. माझ्या वर्गांतील एका मुलीच्या घरीं तसा फोन नव्हता. वडील मासेमारी करणारे, आणि दिवस पावसाळ्यांतील बंदीचे; होडी किनाऱ्यावर ओढलेली. त्यांनीं उसनवारी करून, जाहिरात पाहून, साडेचार हजारांस जुना फोन घेतला. जाहिरातींत तो अगदीं नव्यासारखा म्हटला होता. नवव्या दिवशीं तो बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्यानें उघडून दाखविला, तेव्हां आंत हिरवट थर चढलेला होता. विकणाराचा क्रमांक त्यानंतर कधींच लागला नाहीं. मुलीचा दोन महिन्यांचा अभ्यास बुडाला. शेजारणीचा फोन रात्रीं तासभर मिळे, त्यावर ती धडे उतरून घेई. विकणारा कोण होता हें मला ठाऊक नाहीं. परंतु त्याच्याही घरीं कोणी तरी असाच हिशेब मांडून बसलें असेल, आणि त्या हिशेबांत ही मुलगी कोठेंच नव्हती.

हा हिरवट थर कसला, तें किनाऱ्यावर राहणारांनीं समजून घ्यावें. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक आहे. तें फोनांत शिरलें कीं नको त्या मार्गांनीं वीज वाहूं लागते. फोन उन्हांत वाळविला म्हणजे पाणी उडून जातें, पण मीठ मागें राहतें; तें हवेंतील ओल ओढून घेतें, आणि आंतील तांब्याच्या केंसासारख्या बारीक रेषा हळूहळू कुरतडल्या जातात. पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ राहिला म्हणजे जसा कळंक चढतो, तसाच हा प्रकार. म्हणून असा फोन वाळविल्यावर कांहीं दिवस अगदीं सुरळीत चालतो, व मग एकाएकीं बंद पडतो. आठ दिवस चालला एवढ्यानें तो चांगला ठरत नाहीं.

लबाडीनें एका गिऱ्हाइकाचें नुकसान होतें, हें सर्वांस कळतें. तिनें सबंध बाजार कसा नासतो, हें जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत दाखवून दिलें. या विषयावरील कार्याबद्दल त्यास २००१ सालीं इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानें उदाहरण जुन्या मोटारींचें घेतलें होतें. आपण आपल्या बाजारांतलें घेऊं. पापलेट घेतांना तुमची आई कल्ले उघडून पाहते. ते लालभडक असले तर मासा ताजा, काळवंडले असले तर शिळा. भाव त्याप्रमाणें ठरतो. मोबाईलास कल्ले नसतात. समजा, बाजारांत दहा फोन आहेत. पांच चांगले, सहा सहा हजारांच्या लायकीचे, आणि पांच बिघडलेले, दोन दोन हजारांच्या लायकीचे. बाहेरून सर्व सारखेच चकाकतात. शहाणें गिऱ्हाईक मनांत म्हणतें, मला ओळखतां येत नाहीं, तर मीं मधला भाव, म्हणजे चार हजार द्यावा. परंतु चांगल्या फोनाचा मालक चार हजारांस आपला फोन कां देईल? तो बाजारांतून निघून जातो. मग मागें वाईट तेवढेच उरतात, आणि गिऱ्हाइकांस हें कळलें कीं भाव दोन हजारांवर येतो. एवंच, जो दोष लपवितो, तो शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याचीही भाकरी काढून घेतो, आणि शेवटीं स्वतःचीही.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे फोनास कल्ले लावून देणें. अर्थात् दोष व गुण दोन्ही गिऱ्हाइकास दिसतील असें करणें. फोन केव्हां घेतला, बॅटरी बदलली काय, कांच मूळची कीं नवी, पाणी लागलें आहे काय, हें जाहिरातींतच लिहावें. ओरखड्याचेंही छायाचित्र द्यावें. आणि पंधरा दिवसांत बिघडला तर परत घेईन असें लिहून देऊन तें पाळावें. असा विक्रेता एकदां गांवांत माहीत झाला, म्हणजे त्यास दोनशें रुपये अधिक देण्यास लोक कुरकुरत नाहींत.

घेणारानेंही आपलें काम केलें पाहिजे. फोन दिवसाउजेडीं, चारचौघांच्या ठिकाणीं, हातांत घेऊन पाहावा. न पाहतां आगाऊ पैसे देऊं नयेत. पुष्कळ फोनांत सिमकार्डाच्या खांचेजवळ एक पांढरी खूण असते. पाणी लागलें असल्यास ती तांबडी होते. चार्जर लावून, बोलून, छायाचित्र काढून पाहावें. या फोनांतील लिथियमच्या बॅटऱ्या कांहीं शें वेळां भरून रिकाम्या झाल्या, कीं बहुधा त्यांची धारणशक्ति मूळच्या सुमारें ८० टक्क्यांवर येते. म्हणून नव्या बॅटरीचा खर्च भावांत धरावा. बॅटरी फुगलेली दिसली तर फोन घेऊंच नये; तिला दाबणें किंवा टोंचणें म्हणजे आगीस आमंत्रण होय.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विकणारा हा खरोखर मालक आहे काय? आपल्या देशांतील १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याचें कलम २७ असें आहे, कीं विकणारास जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क घेणारास सामान्यतः मिळत नाहीं. चोराकडून घेतलेला फोन, त्याचे तुम्हीं पुरे पैसे मोजले असले तरी, मूळ मालकाचाच राहतो. आणि चोरीचा आहे हें जाणून, किंवा तसें समजण्यास कारण असतांना, अप्रामाणिकपणें घेतला, तर १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊं शकते. दहा हजारांची वस्तु कोणी घाईघाईनें दोन हजारांस देऊं लागला, तर तें स्वस्ताईचें भाग्य नसून धोक्याची सूचना होय. प्रत्येक फोनास पंधरा आंकड्यांचा एक आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# हीं चिन्हें दाबलीं असतां तो दिसतो. चोरीस गेलेल्या फोनाचा क्रमांक बंद करण्याची सरकारी व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्यें प्रथम मुंबईंत सुरू झाली, व मे २०२३ पासून ती 'संचार साथी' या नांवानें देशभर खुली आहे. तेथें तो क्रमांक घालून फोनाची चौकशी करतां येते. शिवाय मूळ पावती मागावी, आणि विकणाराकडून नांव, तारीख व हा क्रमांक घालून चिठ्ठी लिहून घ्यावी.

ज्यास आपला जुना फोन विकावयाचा आहे, त्यानेंही सावध असावें. फोनांत घरची छायाचित्रें, पत्रें, बँकेचे व्यवहार असतात. तीं प्रथम दुसरीकडे उतरून घ्यावीं, आपलें खातें फोनांतून काढावें, मग फोन मूळ स्थितीस आणावा, आणि सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घ्यावें. खातें न काढतां फोन दिला, तर नव्या मालकासही तो उघडत नाहीं. पैशांच्या बाबतींत एक नियम घरांतील सर्वांनीं पाठ करावा. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतींत पिन हा पैसे देतांना घालावा लागतो, घेतांना कधींही नाहीं. "मी सैन्यांत आहें, बदली झाली आहे, फोन न पाहतांच घेतों, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील," असें सांगणारे ठक या बाजारांत फार आहेत. फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. जितकें लवकर कळवाल, तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक.

पालकांस आणखी एक विनंती. १८७२ सालच्या करारविषयक कायद्याप्रमाणें अज्ञान मुलानें केलेला करार ग्राह्य नाहीं. म्हणून अठरा वर्षांखालील मुलामुलींनीं अनोळखी माणसांशीं असे व्यवहार एकट्यानें करूं नयेत. त्यांनीं हिशेब ठेवावा, वस्तु तपासावयास शिकावें. व्यवहार मात्र वडीलधाऱ्यांनीं करावा.

जो फोन कोणत्याही उपायानें चालणार नाहीं, त्याचेंही काम संपलेलें नसतें. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला, आणि त्यांतील चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगांत आला नाहीं. फोनांत तांबें, चांदी, थोडें सोनें असतें. तसेच विषारी पदार्थही असतात. तारा जाळून तांबें काढणें किंवा मोडका फोन खाडींत फेंकणें म्हणजे आपल्याच मासळींत विष कालविणें होय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असा माल नोंदणीकृत केंद्रांतच गेला पाहिजे.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. मीं त्यास हुकूम केला नाहीं. मुलीची हकीकत सांगितली, आणि हिशेबाची वही भावास दाखव एवढेंच म्हटलें. भाऊ रागावला. दोन दिवस तो धाकट्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें जाहिरात दिली, ती अशी: "बंद फोन. खारें पाणी शिरलेलें आहे. कांच चांगली. फक्त सुट्या भागांसाठीं." ऑमिड्यारच्या मोडक्या विजेरीस जसें तिचें गिऱ्हाईक मिळालें, तसें या फोनासही मिळालें. पेणच्या एका दुरुस्ती करणारास त्याच जातीची कांच हवी होती. त्यानें तो १,२०० रुपयांस नेला. दीड हजारांचा तोटा तीनशेंवर आला.

मुलानें वही पुन्हा माझ्यापुढें ठेविली. "तोटाच आहे, सर," तो म्हणाला, "पण सगळा लिहितां आला." ज्या व्यवहाराचा प्रत्येक आंकडा घरच्या वहींत उघडपणें लिहितां येतो, तोच व्यवहार आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढें करावा, मग तो जुन्या मोबाईलचा असो, कीं आणखी कशाचा असो.